रात्री आपोआप चालू होणारा कॉम्प्युटर

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून फोन आला, मालक म्हणाले, "ऑफिसातला कॉम्प्युटर रात्री आपोआप चालू व्हायलाय बे, वॉचमन आत जायला घाबरायलाय." मी हसलो. गेलो तर वॉचमनमामा खरंच दारात उभे, "साहेब, बटणाला कोण हातबी लावत नाही, कुलूप असतंय, आन् खिडकीतून बघतो तर स्क्रीन पेटलेली."

आता अकाउंट्सच्या मॅडम संध्याकाळी जाताना मशीन शटडाऊन करत नाहीत, स्लीपला टाकतात, कारण बिलांच्या आठ-दहा फायली उघड्या असतात आणि सकाळी परत कोण उघडत बसणार. स्लीपमध्ये पंखे, डिस्क सगळं थांबतं पण रॅमला थोडा करंट चालू असतो आणि यूएसबीलाही, म्हणूनच तर कीबोर्ड दाबला की मशीन लगेच जागं होतं. मी म्हटलं नक्की अपडेटचा टायमर नाहीतर लॅन कार्ड, म्हणजे नेटवर्कची केबल लागते ते, उठवतंय. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन वेक टायमर बंद केले, लॅन कार्डची उठवायची परवानगी काढली, तीनशे रुपये घेतले आणि निघालो. काही तपासलंच नाही, खरं सांगतो, उन्हात डोकं चालत नव्हतं.

चौथ्या दिवशी परत फोन. "तीनशे घेतलास आणि भूत तसंच?"

या वेळी शहाण्यासारखा कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी लास्टवेक मारलं. पण ते फक्त शेवटचं जागं होणं सांगतं, आणि ते तर सकाळी मॅडमनी उठवलेलं. मग विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडला, सिस्टिमच्या लॉगमध्ये पॉवर-ट्रबलशूटर नावाच्या नोंदी असतात, प्रत्येक वेळी कधी झोपलं, कधी उठलं, कोणी उठवलं सगळं. रात्री ११:४०, १:१२, २:५५. उठवणारा एकच, यूएसबी रूट हब, म्हणजे यूएसबीला जोडलेलं काहीतरी. माउस नाहीतर कीबोर्ड. कुलूपबंद खोलीत!

मग काय, थांबलो रात्री. मामांनी कडक भाकरी, शेंगाचटणी दिली, पंखा गरम हवा फेकतोय, भिंतीपलीकडे मागांची खटखट चालू. टेबलावर काच, काचेखाली सिद्धेश्वराचा फोटो आणि व्हिजिटिंग कार्डं, आणि काचेवर थेट माउस, पॅड नाही. मशीन झोपलेलं, पण माउसचा लाल दिवा मिणमिणतोय. मी त्या लाल दिव्याकडे बघत बसलो. साडेबाराच्या सुमारास भिंतीलगतचा माग थांबला, दोरा तुटला असणार, कामगाराने जोडून परत चालू केला आणि पहिला हिसका असा बसला की टेबलावरचा चहाचा ग्लास किणकिणला. माउस काचेवर केसभर सरकला असेल नसेल, आणि स्क्रीन भप्पकन पेटली. मामा दोन पावलं मागं सरले, मीही दचकलो, खोटं कशाला बोलू!

काचेवर ऑप्टिकल माउस तसाही नीट चालत नाही, खालचा पृष्ठभाग वाचता येत नाही म्हणून न हलवताही पॉइंटर थरथरतो, वर हा हिसका. काही माउस क्लिक केल्याशिवाय मशीन उठवत नाहीत, हा नुसत्या हलण्यानेच उठवणारा. खात्रीसाठी माउस उलटा ठेवला आणि टेबलावर बुक्की मारली, काही नाही. सरळ ठेवून मारली, पेटलं. मामांनी मग स्वतः तीन वेळा बुक्की मारून बघितली, त्यांना मजा वाटायला लागली.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये कॉम्प्युटर उठवण्याची टिक काढली, कीबोर्डची ठेवली. एक टिक, बस. लाइट गेली तर स्लीपमधली रॅम रिकामी होते आणि सेव्ह न केलेलं जातं, म्हणून जाता जाता मेनूत हायबरनेटचा पर्यायही चालू करून दिला, तो निवडला तर सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं. मालकांनी या वेळी पैसे नाही, दोन टॉवेल दिले.

सकाळी साडेनऊला मॅडमचा फोन. "दादा, काय करून गेलात हो, अर्धा तास माउस हलवतेय, कॉम्प्युटर मेलाय!"

"मॅडम, स्पेसबार दाबा."