शेपटीवाला कमळपक्षी बघायचाय? मग हिवाळ्यात जाऊ नका

नागपुरात कोणालाही विचारा, पाणपक्षी बघायला डिसेंबर-जानेवारीतच जा म्हणतात. कमळपक्ष्यासाठी हा सल्ला साफ चुकीचा. हिवाळ्यात त्याची लांब शेपटी गळालेली असते. उरतो तो वरून तपकिरी, खालून पांढरा, छातीवर काळसर पट्ट्याचा पक्षी. त्या दिवसांत 'शेपटीवाला दाखवतो' म्हणून पैसे मागणाऱ्या गाईडला सरळ नाही म्हणा.

खरा काळ जुलै ते सप्टेंबर. चॉकलेटी अंग, पांढरे पंख, मानेमागे काळ्या काठाचा सोनेरी पट्टा आणि विळ्यासारखी वळलेली शेपटी. आखूड शेपटी, काळी मान नि डोळ्यावर जाड पांढरी भुवई दिसली, तर तो कांस्यपंखी, कमळपक्ष्याची दुसरी जात. तो वर्षभर तसाच दिसतो.

भंडारा-गोंदियाचे मामा (माजी मालगुजारी) तलाव गाठा. नागपूरहून साकोलीपर्यंत साधारण 100 किलोमीटर, रस्त्याची चिंता नाही. जीव जातो तो पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, काठाकडे उतरताना. पावसाळ्यात तिथे बेशरमची झुडपं आणि खाली गुडघाभर चिखल. गमबूट अडकतो, पाय तेवढा बाहेर येतो, आणि एवढं करून काठावरून काहीच धड दिसत नाही, कारण नजर पानांच्या पातळीत येते. डोंग्याचंही (छोट्या होडीचंही) तेच. त्यासाठी मागतील ते पैसे देणं म्हणजे पैसे पाण्यात. उतरूच नका. पाळीच्या उंचीवरून शिंगाड्याची पानं पसरलेली दिसतात. 8x42 (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरते, 10x दमलेल्या हातात हलते. ऊन चढायच्या आत पोहोचा, नऊनंतर पाण्यावरची हवा थरथरते.

डोंगा नको म्हणण्याचं मोठं कारण घरटं. तरंगत्या पानांवर थोडं शेवाळ-काड्या, कधी तेवढंही नाही, आणि त्यावर चार चकचकीत तपकिरी अंडी. एका लाटेने ती पाण्यात जातात. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. सुमारे 26 दिवस उबवणं आणि पुढे पिल्लं सांभाळणं, दोन्ही एकट्या नराच्या माथी. पाणी चढलं तर तो चोच नि छातीत अंडं धरून दुसऱ्या पानावर ओढत नेतो. त्याला हुसकावलं, तर त्या अंड्यांना दुसरं कोणी नाही.

शिंगाडा हे ढिवरांचं (मासेमार समाजाचं) पीक आहे, आधी त्यांना विचारा. आणि नर पंख मोडल्यासारखा फडफडू लागला, तर फोटो न काढता मागे सरका. अंडी किंवा पिल्लं जवळच असतात.