हॉट टब आला एकदाचा!

आज क्रेनने गरम पाण्यात बसायचा हा मोठा टब घरावरून उचलून मागच्या अंगणात उतरवला. सोलापूरहून व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "अगं, एवढ्या पाण्यात आमचा आठवडा निघेल!"

दुकानात जेट (पाण्याचे जोरदार फवारे) आणि रंगीत दिवे यांचंच कौतुक जास्त. इथे अमेरिकेत, मिनेसोटाच्या थंडीत खरा प्रश्न झाकणाचा आणि ऊब धरून ठेवणाऱ्या आतल्या फोमचा. झाकण पातळ असेल तर वीजबिल फुगलंच. म्हणून जेट कमी घेतले, झाकण जाड घेतलं. दिवे राहिले, लेकीच्या हट्टापायी.

नवऱ्याला टब लाकडी डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावर हवा होता. सुमारे १५०० लिटर पाणी म्हणजे दीड टन, वर टब, वर आपण! मी काँक्रीटच्या स्लॅबवर अडून बसले. २४० व्होल्टची वेगळी लाइन, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा जीएफसीआय ब्रेकर, बंद करायचा स्विच पाण्यापासून किमान ५ फूट लांब. इन्स्पेक्टरने सगळं पास केलं.

१०४ फॅरनहाइट, म्हणजे ४० सेल्सियसच्या वर तापमान नेता येत नाही. नवरा म्हणतो, "हे तर कोमट!" बंबातलं कढत पाणी अंगावर घेत वाढलेला माणूस, त्याला काय समजावणार?

पाणी तापायला रात्र जाईल. आईचा हुकूम आलाय: आधी नारळ फोडा, मगच उतरा.