ऑर्लँडो: डिस्नी की युनिव्हर्सल? आधी पोराची उंची मोजा

सहलीचा हिशेब आपण तिकिटापासून सुरू करतो. अमेरिकेतलं ऑर्लँडो म्हणजे डिस्नी आणि युनिव्हर्सल या करमणूक पार्कांचं गाव. त्याचा हिशेब मात्र घरातल्या भिंतीपासून सुरू करावा. धाकट्याला बूट घालून भिंतीला पाठ लावून उभं करा, डोक्यावर पट्टी आडवी धरा आणि पेन्सिलीने खूण करा. ती खूण 122 सेंटिमीटरच्या वर आहे की खाली, यावर ‘डिस्नी की युनिव्हर्सल’ या वादाचा निम्मा निकाल पुण्यातच लागतो.

डिस्नीत 97 सेंटिमीटर उंची झाली की सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि स्लिंकी डॉग डॅश या राइड्स मिळतात. 102 ला राइज ऑफ द रेझिस्टन्स, 107 ला गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी, 112 ला स्पेस माउंटन, एक्सपिडिशन एव्हरेस्ट आणि फ्लाइट ऑफ पॅसेज. ट्रॉनला 122 लागतात. शिवाय उंचीची अटच नसलेल्या राइड्स भरपूर: पीटर पॅन, पायरेट्स, हाँटेड मॅन्शन, अ‍ॅनिमल किंगडममधली उघड्या ट्रकमधली सफारी. युनिव्हर्सलमध्ये ज्यांच्यासाठी लोक एवढे पैसे मोजतात, त्या राइड्सच वरच्या आकड्यांवर बसल्या आहेत. हॅग्रिडची मोटारबाइक 122, हॉगवर्ट्स किल्ल्यातली फॉरबिडन जर्नी 122, वेलोसिकोस्टर 130, हल्क 137. नव्या एपिक युनिव्हर्स पार्कातला स्टारडस्ट रेसर्सही 122. ग्रिंगॉट्स 107 वर सोडतात, मिनिस्ट्री ऑफ मॅजिक 102 वर, पण असे अपवाद मोजकेच. सहा वर्षांच्या, 115 सेंटिमीटरच्या मुलासाठी युनिव्हर्सलचं पूर्ण तिकीट काढणं म्हणजे आमरसाच्या थाळीचे पैसे भरून वरणभात खाणं.

दाराशी मोजणी काठीने होते. कर्मचारी हसतमुख असतो, मुलाशी दोन शब्द गोड बोलतो आणि काठीखालून डोकं मोकळं गेलं की तितक्याच गोडीने नाही म्हणतो. ‘अहो, एकच सेंटिमीटर’ हे तिथे चालत नाही, कारण सीटचा अडसर त्याच मापाला बेतलेला असतो. बूट चालतात, आत कोंबलेली जादा गादी चालत नाही. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा साधारण सेंटिमीटरभर उंच असतो. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात. म्हणून काठावरच्या मुलाची राइड सकाळी पहिल्या तासात उरकायची.

मूल बसणार नसेल तरी आई-बाबांनी हात चोळत बसायची गरज नाही. डिस्नीत याला रायडर स्विच म्हणतात, युनिव्हर्सलमध्ये चाइल्ड स्वॅप. एक जण मुलाजवळ थांबतो, दुसरा बसून येतो, मग पहिला पुन्हा पूर्ण रांग न लावता आत जातो. पैसे लागत नाहीत, पण रांगेत शिरण्याआधी दाराशी सांगावं लागतं. नंतर आठवलं तर उपयोग नाही. युनिव्हर्सलमध्ये एकट्यासाठीच्या वेगळ्या रांगाही बऱ्याच आहेत. मोठी मुलं वेगवेगळं बसायला तयार असतील तर त्या रांगांमध्ये पुष्कळ वेळ वाचतो आणि पैसे शून्य. डिस्नीत अशा रांगा मोजक्याच.

उंची पुरली तरी धीर पुरेल का, हा निराळा प्रश्न. त्याची रंगीत तालीम खोपोलीत होते. इमॅजिकातला नायट्रो आणि ऑर्लँडोचा हल्क हे दोन्ही बोलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीचे रोलर कोस्टर. नायट्रोला पायाखाली फळी नाही. एका ओळीत चौघं, निघण्याआधी फलाटाची जमीन खाली सरकते आणि पाय लोंबकळतात. हल्कला फळी आहे, पण तो चढणीवरच बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. नायट्रोवरून उतरून जो पुन्हा रांगेकडे पळतो त्याच्यासाठी युनिव्हर्सल. जो गप्प बसून पाण्याची बाटली मागतो त्याच्यासाठी डिस्नी. इमॅजिकातली ‘आय फॉर इंडिया’ आणि डिस्नीच्या एपकॉट पार्कातली सोरिन याही एकाच जातीच्या: भला मोठा पडदा, हवेत लोंबणारे पाय. आजी-आजोबांना चक्कर येते का, ते द्रुतगती मार्गाच्या टोलमध्ये कळत असेल तर त्यासाठी ऑर्लँडो गाठू नये.

आता जागा. डिस्नीची मालमत्ता सुमारे 100 चौरस किलोमीटर, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या निम्म्याहून मोठी. त्यात चार पार्क: मॅजिक किंगडम (1971), एपकॉट (1982), हॉलिवूड स्टुडिओज (1989), अ‍ॅनिमल किंगडम (1998). एकातून दुसऱ्यात जायचं तर बहुधा बस धरायची, आणि अर्धा-पाऊण तास गेला असं समजायचं. मॅजिक किंगडमची तर गंमतच आहे. गाडी लावता ती पार्कच्या दारात नाही, तळ्याच्या अलीकडे. तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट. दार नऊला उघडणार म्हणून नऊला वाहनतळावर पोचलेली मंडळी पावणेदहाला आत शिरतात आणि तोवर माइन ट्रेनची रांग तासावर गेलेली असते. गाडीने जाणाऱ्यांनी उघडायच्या वेळेआधी तासभर वाहनतळावर असावं. डिस्नीच्या हॉटेलात उतरलेल्यांना बस थेट दाराशी सोडते, शिवाय कोणत्याही पार्कात रोज अर्धा तास आधी प्रवेश. ऐकायला अर्धा तास किरकोळ वाटतो, पण त्यात दोन मोठ्या राइड्स होतात. दुपारी त्यांनाच दोन-अडीच तास लागले असते.

युनिव्हर्सलचे जुने दोन पार्क, युनिव्हर्सल स्टुडिओज (1990) आणि आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर (1999), एकमेकांना खेटून आहेत; चालत दहा-पंधरा मिनिटं. 22 मे 2025 ला उघडलेलं एपिक युनिव्हर्स मात्र काही किलोमीटर दूर आहे, बसने जावं लागतं. नकाशावर तिन्ही एकाच नावाखाली दिसतात म्हणून एका दिवसात तिन्ही करू असं ठरवू नका.

हॅरी पॉटरवाल्यांसाठी एक सापळा आहे. पॉटरच्या गोष्टीतलं हॉग्जमीड गाव एका पार्कात, डायगन अ‍ॅली हा बाजार दुसऱ्यात, आणि मधे धावणारी हॉगवर्ट्स एक्सप्रेस. ती राइडच आहे, पण एका पार्कातून दुसऱ्यात नेते, त्यामुळे एका पार्कचं तिकीट असलेल्याला तीत चढता येत नाही. दोन्ही पार्कांचं तिकीट लागतं. मुलं पॉटरवेडी असतील तर ते घ्याच, आणि गाडी दोन्ही दिशांनी करा. जाताना आणि येताना खिडकीतली दृश्यं वेगळी असतात. पॉटरशी देणंघेणं नसेल तर एका दिवसाला एक पार्क पुरे. (तिथे मिळणाऱ्या बटरबीअर या पेयात दारू नसते. आजीला आधीच सांगून ठेवा.)

तिकिटांचे भाव दोन्हीकडे तारखेनुसार बदलतात. डिस्नीत एका दिवसाचं 119 डॉलरपासून सुरू होतं आणि नाताळात मॅजिक किंगडमचं 200 च्या आसपास जातं. वर 6.5 टक्के कर, जो पहिल्या पानावर दिसत नाही. तीन वर्षांखालच्यांना फुकट, दहाव्या वर्षापासून पूर्ण तिकीट. तीन ते नऊ वयाची सवलत इतकी थोडी की ती धरून बजेट करू नये. दिवस वाढवले की रोजचा भाव उतरतो, म्हणून दोन-दोन दिवस दोन्हीकडे वाटून घेणं हा सगळ्यात महाग पर्याय ठरतो. नेमकं तेच बहुतेक जण करतात.

खरी चुरस रांग टाळण्याच्या पैशांत आहे. डिस्नीचा लाइटनिंग लेन मल्टी पास म्हणजे तीन राइड्सच्या वेळा आधी राखायच्या, एक वापरली की पुढची घ्यायची. ट्रॉनसारख्या राइडसाठी सिंगल पास वेगळा. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना हे सात दिवस आधी मिळतं, बाकीच्यांना तीन दिवस आधी, तिथल्या सकाळी सात वाजता. म्हणजे उन्हाळ्यात पुण्यातले दुपारचे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. सात दिवस आधी बहुतेक कुटुंबं अजून घरीच असतात, तेव्हा ही वेळ ऑफिसातल्या चहाची. बुकिंग कुठे अडतं? कार्डावर. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते आदल्या दिवशी सुरू करा, मर्यादा वाढवा, आणि घरातल्या सगळ्यांची तिकिटं डिस्नीच्या अ‍ॅपमध्ये एकाच खात्याखाली जोडून ठेवा. साडेचारला पासवर्ड आठवत बसलात तर चांगल्या वेळा गेल्या.

युनिव्हर्सलची पद्धत सरळ आहे. एक्सप्रेस पास दाखवा, छोट्या रांगेतून आत जा. आधी वेळ राखायची भानगड नाही. तो सुटा घेतला तर भयंकर महाग. पण पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत उतरणाऱ्या प्रत्येकाला जुन्या दोन पार्कांसाठी एक्सप्रेस अनलिमिटेड खोलीच्या भाड्यातच मिळतो, येण्याच्या आणि निघण्याच्याही दिवशी. एक रात्र, दोन दिवस. खोली दुपारी चारनंतर मिळते, पण पास सकाळीच हातात येतो. सामान काउंटरवर टाका आणि पार्क गाठा. सुटा पास माणशी 120 डॉलर धरला तरी चौघांचे दोन दिवसांचे 960 होतात, आणि बऱ्याच तारखांना एका रात्रीचं भाडं याच्या खूप खाली असतं. भाड्यावर 12.5 टक्के कर आणि गाडी लावण्याचे वेगळे पैसे मिळवा, तरीही गणित जमतं. दोन अटी विसरू नका: पार्कचं तिकीट वेगळंच काढावं लागतं, आणि हा पास एपिक युनिव्हर्समध्ये चालत नाही.

थोडक्यात आमचं मत असं. मुलं 122 च्या खाली असतील तर चार दिवस डिस्नी, युनिव्हर्सल पुढच्या खेपेला. दहा-पंधरा वयाची असतील तर तीन दिवस युनिव्हर्सल, त्यातली एक रात्र वरच्या तिघांपैकी एका हॉटेलात, आणि एक दिवस मॅजिक किंगडम. आजी-आजोबा बरोबर असतील तर एपकॉट. तळ्याकाठी अकरा देशांची दालनं आहेत, बसायला जागा आहे, बोट आहे. (त्या अकरांत भारत नाही. मोरोक्को आहे.) दिवसाला दहा-बारा किलोमीटर सहज चालणं होतं, तेव्हा नवे बूट तिथे जाऊन पहिल्यांदा घालायचे नाहीत.

खाण्यात डिस्नी सरळ जिंकतं. घरचं आत नेऊ देतात: थेपले, भडंग, लाडू, काहीही. फक्त काचेची बरणी, दारू आणि सुटा बर्फ नको. अन्नाच्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, मागावं लागतं एवढंच. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या सना रेस्टॉरंटमध्ये नान आणि चटण्यांचं ताट येतं आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. तिथे उतरलेलं असायला लागत नाही. युनिव्हर्सल पाणी आणि सटरफटर खाऊ चालवून घेतं, डबे आणि मोठ्या पिशव्या नाही. वेलोसिकोस्टरच्या दाराशी तर मेटल डिटेक्टर आहे. मोबाइल, किल्ल्या, नाणी सगळं लॉकरमध्ये. वरच्या-खालच्या कुठल्याच खिशात काही नको.

तारखांत पुणेकरांची सोय आहे. आपली सुट्टी एप्रिलच्या मध्यापासून लागते आणि तिथल्या शाळा मेअखेरीपर्यंत चालू असतात, म्हणून मेचे पहिले तीन आठवडे त्यातल्या त्यात बरे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत जवळपास रोज दुपारी विजा होतात, आणि वीज जवळ आली की उघड्यावरच्या सगळ्या राइड्स थांबवतात. पैसे परत मिळत नाहीत. तेव्हा उघड्यावरच्या राइड्स सकाळी, छपराखालच्या दुपारी. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर मॅजिक किंगडमच्या हॅलोविन आणि ख्रिसमस पार्टीच्या तारखा आधी तपासा. त्या दिवशी साध्या तिकिटावाल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर काढतात आणि आतषबाजी बघायला मिळत नाही. उलट दिवसभर गर्दी कमी असते. राइड्सच हव्या असतील तर मुद्दाम तीच तारीख धरा. आतषबाजीसाठी चालला असाल तर तिच्यावर काट मारा.