इथं वर्डप्रेस राहतात का?

दुपारी जेवण झालं की लोक वामकुक्षी घेतात, मी लॉग वाचतो, म्हणजे माझ्या घरच्या वेबसाइटवर कोण येऊन काय मागून गेलं त्याची नोंद.

फडताळात, पापडाच्या डब्याशेजारी एक नेटबुक, म्हणजे छोटासा लॅपटॉप, चालू असतं. ॲटम एन270 प्रोसेसर, एक जीबी रॅम, कीबोर्डवरचं एक बटण निखळलेलं. भंगारवाला वजनावर नेईल असला ऐवज. पण डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली टाकली, डेस्कटॉपचा थाटमाट ठेवला नाही, वर एनजिनएक्स हे वेबसाइटची पानं पुरवणारं सॉफ्टवेअर बसवलं, की मजेत चालतं. झाकण मिटलं की झोपायची खोड होती. लॉगिनडी नावाच्या सेवेच्या सेटिंगच्या फाईलमध्ये 'हँडललिडस्विच'पुढं 'इग्नोर' लिहिल्यावर ती गेली. दहा-बारा वॅट खातं, म्हणजे महिन्याला आठेक युनिटं. घरच्यांचा आक्षेप बिलाला नाही, तिथं एक बरणी मावली असती याला आहे. लाईट गेली तर त्याची बॅटरी आहे, पण राउटरला कुठली? म्हणजे सर्व्हर टक्क जागा आणि बोलायला कोणी नाही.

त्यावर आहे तरी काय? आईचं लोणच्याचं प्रमाण आणि थोडे जुने फोटो. बघणारी एकच, कॅनडातली मावसबहीण, तीही तिकडं कैऱ्या मिळाल्या तर.

आणि लॉग उघडावा तर ही अनोळखी प्रोग्रॅमची झुंबड! कोणी 'डब्ल्यूपी-लॉगिन', म्हणजे वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरचं लॉगिन पान मागतंय, कोणी 'डॉट ईएनव्ही', म्हणजे पासवर्ड वगैरे ठेवायची फाईल. माझ्याकडं वर्डप्रेस नाही, कधी नव्हतं. आपला पत्ता यांना कोणी दिला, असं मनात आणायचं कारण नाही. 2013 साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप हा इंटरनेटचे पत्ते तपासणारा प्रोग्रॅम काढला. गिगाबिटची वेगवान जोडणी असेल तर आयपीव्ही-4 या इंटरनेटच्या पत्तापद्धतीतले सगळे सार्वजनिक पत्ते तो पाऊण तासात ठोठावून येतो.

सातारच्या वाड्यात दुपारी हेच चालायचं. दार सताड उघडं, आजी ओसरीवर डोळ्यांवर पदर घेऊन आडवी. बोहारीण यायची, कल्हईवाला यायचा, आणि मधूनच एखादा घामेजलेला माणूस: "इथं मास्तर राहतात का?" आजी डोळे न उघडता म्हणायची, "नाही राहत." पण तिला आवाजावरून कळायचं, हा खरंच पत्ता चुकलाय की घर हेरायला आलाय. चुकलेल्याला तांब्याभर पाणी मिळायचं, वर बोळाच्या टोकाचं मास्तरांचं घरही. दुसऱ्याला उलटा प्रश्न: "कोण मास्तर? आडनाव काय त्यांचं?" आडनाव कधीच यायचं नाही.

एनजिनएक्स दोघांनाही सारखंच 404, म्हणजे 'असं पान इथं नाही', म्हणतो. त्रास देणाऱ्यांना अडवणारं फेल2बॅन आहे, पण ते पोलिसी खातं. फार चुकला की काही वेळ बाहेर. त्यातल्या त्यात 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' ही परवानगीची फाईल आधी मागणारा दिसला की मला बरं वाटतं. 1994 पासूनची ही रीत, यंत्रानं आधी परवानगी बघावी, मग आत यावं. पाळायलाच हवी असं बंधन नाही, त्यामुळं पाळणाऱ्याचं कौतुक.

मात्र ऑगस्ट 2025 मध्ये डेबियन 13 आलं, आणि त्यात असल्या जुन्या, 32 बिट मशिनांसाठी इन्स्टॉलरच नाही. म्हणजे 12च्या सुरक्षेच्या दुरुस्त्या येताहेत तोवरच. त्या थांबल्यावर हे दार बाहेरच्या जगाला उघडं ठेवायचं नाही, तिथं हौसेला जागा नाही. फोटो घरातल्या घरात बघू. लोणच्याचं प्रमाण मावसबहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवीन. ती पहिल्यापासून तेच म्हणत होती.