तुम्ही विचारलंत म्हणून: लताबाई कितव्या वर्षी गायला लागल्या?

सांगलीत गाण्याचा क्लास चालवणाऱ्या कुणालाच हा प्रश्न चुकत नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आया मुलींना घेऊन येतात. पहिला प्रश्न फीचा, दुसरा वाराचा आणि तिसरा हा. त्याच्या पोटात खरा प्रश्न वेगळाच असतो: आमची सात वर्षांची झाली, उशीर तर नाही ना झाला? टीव्हीवर तर पाच-पाच वर्षांची पोरं गातात. आणि लताबाई तर आपल्या सांगलीच्याच की.

आधी ते 'सांगलीच्याच' निस्तरते. लताबाईंचा जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९. वडील मास्टर दीनानाथ गोव्यातल्या मंगेशीचे. चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांना बरोबर घेऊन त्यांनी १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली, कंपनीबरोबर गावोगाव हिंडले आणि पुढं बिऱ्हाड सांगलीत थाटलं. लताबाईंचं अगदी लहानपण गेलं ते इथं. जन्मानं सांगलीच्या म्हणायचं तर आशाताईंना म्हणायला हवं, ८ सप्टेंबर १९३३. पण क्लासला येणारी एकही आई मला आशाताई कितव्या वर्षी गायला लागल्या हे विचारत नाही. का कोण जाणे.

आता वयाचं. पाचव्या वर्षी, असं मी पूर्वी सरळ सांगून टाकायची. उत्तर चूक नव्हतं, पण ते ऐकून आयांच्या चेहऱ्यावर जी घाई दिसायची ती मला आवडेना. म्हणून आता अख्खी गोष्ट सांगते. ज्यांना वेळ नसतो त्या निघून जातात, तेही बरंच.

ही आठवण लताबाईंनी स्वतः मुलाखतींतून सांगितलेली आहे. दीनानाथांनी एका शागिर्दाला पुरिया धनाश्री घोटत बसायला सांगितलं आणि ते कामासाठी उठून गेले. मुलगी जवळपास खेळत होती. शागिर्दाचा सूर चुकला, तशी ही खेळ टाकून त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि असं नाही, असं, म्हणून गाऊन दाखवलं. दीनानाथ परत आले ते नेमके हे ऐकत. आपल्या घरातच गवई आहे आणि आपण बाहेरच्यांना शिकवत बसलोय, असं ते माईंना, म्हणजे लताबाईंच्या आईला, म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीला उठवून तंबोऱ्यापाशी बसवलं.

तो शागिर्द कोण, तर चंद्रकांत गोखले. आपल्या मिरजेत जन्मलेले, विक्रम गोखल्यांचे वडील. तेही लहानपणापासून रंगमंचावर. त्यांची आई कमलाबाई १९१३ साली फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मोहिनी झाली तेव्हा तेरा वर्षांचीही धड नव्हती, आणि तिची आई दुर्गाबाई त्याच चित्रपटात पार्वती. म्हणजे ज्या मुलाचा सूर त्या दिवशी एका चिमुरडीनं पकडला, तोही काही ऐरागैरा नव्हता. तीन पिढ्यांचा नट होता.

आणि राग कुठला, तर पुरिया धनाश्री! मी मुलींना पहिली काही वर्षं त्याच्या वाटेलाही नेत नाही. रिषभ कोमल, धैवत कोमल, मध्यम तीव्र. जरा पाय घसरला की श्री तरी डोकावतो नाही तर पुरिया. आम्ही सुरुवात करतो भूप रागापासून, कारण पाच स्वर, सगळे शुद्ध, चुकायला जागा कमी. पाच वर्षांच्या मुलीला पुरिया धनाश्रीतली चूक टोचली याचा अर्थ ती त्या दिवशी गायला लागली असा नाही. ती त्याच्या कितीतरी आधीपासून ऐकत होती. नाटक कंपनीचं घर. सकाळी वडिलांचा रियाझ, दुपारी तालीम, नटमंडळींची ये-जा, कुणीतरी कुठंतरी पद घोळवतंय. तिला मुद्दाम कुणी काही शिकवलं नव्हतं. स्वयंपाकघरात माईंना मात्र ती गाऊन दाखवायची, आणि वडिलांसमोर तोंड उघडायची भीती.

तर माझ्या लेखी सुरुवात तिथं. त्याला वय लावता येत नाही.

शाळेची गोष्टही सांगलीतलीच. पहिल्याच दिवसांत ही तान्ह्या आशाला काखेत घेऊन वर्गात गेली, बाळाला इथं आणायचं नाही म्हणून बाई बोलल्या, तशी तडक घरी आली ती परत शाळेचं तोंड पाहिलं नाही. ही गोष्ट मी मुलींसमोर सांगत नाही. एकदा सांगितली होती, पुढच्या आठवड्यात एका आईचा फोन आला.

रंगमंचावरची सुरुवात मनमाडची. बळवंतचं 'सौभद्र' लागलेलं, दीनानाथ अर्जुन, आणि नारद करणारा नट ऐन वेळी नाही. मी करते, म्हणाली. सात-आठ वर्षांची पोर, अर्जुनाच्या कमरेएवढा नारद. नाही नाही म्हणत उभं केलं आणि तिनं पदाला वन्स मोअर घेतला. सप्टेंबर १९३८ मध्ये सोलापूरला वडिलांबरोबर बैठकीत गायली. १६ डिसेंबर १९४१ ला रेडिओवर पहिल्यांदा. हे सगळं वडिलांच्या देखत, वडिलांच्या तालमीत. मुलीनं सिनेमात गावं हे मात्र दीनानाथांना रुचत नव्हतं. १९४२ मध्ये 'किती हसाल' या मराठी चित्रपटासाठी तिनं एक गाणं म्हटलं, त्यालाही ते मोठ्या नाखुशीनं तयार झाले होते. ते गाणं चित्रपटात आलंच नाही.

आया इथपर्यंत खुशीत असतात. पुढचं ऐकताना त्यांचा चेहरा बदलतो.

सांगलीचे चांगले दिवस फार टिकले नव्हते. बोलपट आले आणि नाटक कंपन्यांचा बाजार उठला. बळवंतनं काळाची पावलं ओळखून स्वतःच चित्रपटात उडी घेतली, १९३४ चा 'कृष्णार्जुन युद्ध' केला, तो चालला नाही. सांगलीतलं घर सुटलं, बिऱ्हाड पुण्याला गेलं. २४ एप्रिल १९४२ ला पुण्यातच दीनानाथ गेले. वय जेमतेम एक्केचाळीस. मागं माई आणि पाच मुलं. थोरली लता, तेरावं वर्ष चालू.

तिची बालनटी म्हणून जी 'कारकीर्द' सांगितली जाते ती इथून सुरू होते. वडिलांना जाऊन काही दिवसच झालेले, आणि नट-दिग्दर्शक मास्टर विनायकांच्या मदतीनं नवयुग या चित्रपट कंपनीच्या 'पहिली मंगळागौर'मध्ये काम मिळालं. चेहऱ्याला रंग लावून ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. दिग्दर्शकाला तिच्या भुवया जाड वाटल्या, कपाळावरचे केस पुढं आलेले वाटले. दोन्ही कापायला लावले. ती घरी येऊन रडली. त्या चित्रपटात तिचं गाणंही आहे, ते ऐकलं की मला नेहमी त्या भुवया आठवतात. सुतकातून उठलेली मुलगी, आणि सेटवरच्या माणसांना तिच्या भुवया दिसतायत.

पुढं विनायकांनी प्रफुल्ल पिक्चर्स काढली, ती कोल्हापुरात. मंगेशकर मंडळी कोल्हापूरला गेली. लता पगारावर. छोट्या छोट्या भूमिका, त्यातच एखादं गाणं. 'माझं बाळ'मध्ये १९४३ साली दहा वर्षांच्या आशाचंही पहिलं गाणं झालं, म्हणजे घरातली दुसरी मुलगीही कामाला लागली. १९४५ मध्ये कंपनी मुंबईला गेली, तिच्या मागोमाग लता. त्या वर्षीच्या 'बडी माँ'मध्ये नायिका नूरजहाँ, आणि या दोघी बहिणी बारीकसारीक कामात. ऑगस्ट १९४७ मध्ये विनायकही गेले. पार्श्वगायनाची कामं मिळायला लागली, १९४८ मध्ये संगीतकार गुलाम हैदरांनी 'मजबूर'मध्ये गायला लावलं, १९४९ चा 'महल' आला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

अभिनय आपल्याला कधीच आवडला नाही हे त्यांनी आयुष्यभर न लपवता सांगितलं. तो मेकअप, ते दिवे, कुणीतरी हस म्हणणार मग हसायचं, रड म्हणणार मग रडायचं. घर चालवायचं होतं म्हणून केलं. गाण्यावर भागायला लागलं तसं सोडून दिलं.

एवढं झाल्यावर एखादी आई हमखास म्हणते, "पण मॅडम, त्यामुळंच तर त्या घडल्या ना?" मला हे पटत नाही. गरिबीनं माणूस घडतो हे दुसऱ्याच्या गरिबीबद्दल बोलायला फार सोपं आहे. १९४७ नंतर त्या गळ्यानं जे केलं ते सांगलीतल्या पहाटेच्या तंबोऱ्याच्या आणि मुंबईत उस्ताद अमान अली खाँ भेंडीबाजारवाल्यांकडच्या तालमीच्या जोरावर. भुवया कापून घेतल्यानं कुणाचा षड्ज सुधारत नाही.

आता टीव्हीवरच्या त्या लहान मुलांच्या गाण्याच्या शोचं. पाठवायचं असेल तर पाठवा, मी आडवी येत नाही. फक्त नियम वाचून जा म्हणते, कारण ते आहेत हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये त्याचे नियम आले. बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मिळकतीतले किमान वीस टक्के मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला उभं करता येत नाही, हेही त्यातच लिहिलेलं आहे. तो मुद्दा वाचताना आया बहुधा मुलीकडं बघतात, आणि मुलगी पेटीचा भाता उघडझाप करत असते.

माझ्या क्लासमध्ये पहिले काही महिने गाणं जवळजवळ नसतंच. मिरजेत बनवलेला एक जुना तंबोरा आहे, त्याच्यापुढं बसायचं. पंचमाची तार, मग जोडीच्या दोन, मग खर्ज. जव्हारीवरचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरचा, सुती दोरा मी मुद्दाम थोडा सरकवते, की तारेची गुंजन मरते, ठोकळ्यावर वाजवल्यासारखी लागते. कुठली बिघडली ते मुलींनी सांगायचं. काहींना पहिल्याच दिवशी कळतं, काहींना दिवाळी उजाडते. मोबाईलमधला तानपुरा वापरू नका असं मी म्हणत नाही, मीही प्रवासात वापरते. पण तो कधी बिघडतच नाही, त्यामुळं कानाला काही काम उरत नाही.

तेव्हा सात वर्षं म्हणजे उशीर नाही. दहाही नाही. घरी संध्याकाळी टीव्ही बंद ठेवून अर्धा तास काहीतरी चांगलं लावता आलं तर लावा, मुलीला समोर बसवायची गरज नाही, तिला तिचं खेळू दे. फी महिन्याच्या पाच तारखेपर्यंत, गुरुवारी सुट्टी, आणि गणपतीतल्या स्पर्धेत पहिल्या वर्षी नाव घालायचं नाही.