मेलेला माणूस उठला, हे खरंच मानता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गुड फ्रायडेची सुट्टी आली की कुणी ना कुणी विचारतंच, "येशूला क्रुसावर दिलं, हे समजतं. पण तिसऱ्या दिवशी तो उठला, हे तुम्ही शिकलेली माणसं खरंच मानता?" विचारणारे ओळखीचेच असतात, इथल्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले शेजारी नाहीतर ऑफिसातले. खवचटपणा नसतो. उलट माझी अडचण होऊ नये म्हणून तेच पुढे म्हणतात, "म्हणजे आमच्या पुनर्जन्मासारखंच ना?"

मानते. आणि पुनर्जन्मासारखं नाही.

पुनर्जन्मात आत्मा जुनं शरीर टाकतो, नवं घेतो. ईस्टरला, म्हणजे येशूच्या उठण्याच्या सणाला, आम्ही ख्रिस्ती लोक म्हणतो ते असं, की तोच येशू उठला, हातांवरच्या खिळ्यांच्या खुणांसकट. त्या खुणा पाहिल्याशिवाय मी मानणार नाही, असं त्याचा शिष्य थोमा म्हणाला होता; त्याला त्याच दाखवल्या. बाकीच्या शिष्यांना तर भूत आल्यासारखं वाटलं. तेव्हा येशूनं विचारलं, खायला काही आहे का? त्यांनी भाजलेल्या माशाचा तुकडा दिला आणि तो त्यानं त्यांच्यासमोर खाल्ला. येशूचं चरित्र, म्हणजे शुभवर्तमान, लिहिणाऱ्या लूकनं हे मुद्दाम लिहून ठेवलंय. भुतं मासे खात नाहीत.

पण मग तो नुसता शुद्धीवर आला, असंही नाही. लाजर नावाच्या मेलेल्या माणसाला येशूनं कबरेतून बाहेर बोलावलं होतं, तरी तो पुढं कधीतरी मेलाच असणार. ख्रिस्त पुन्हा मरत नाही. दारं बंद असलेल्या खोलीत तो येऊन उभा राहतो, त्याची शिष्या मरीया मग्दालीया त्याला आधी माळी समजते, अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघं जण त्याच्याबरोबर चालूनही ओळखत नाहीत. शरीर तेच, पण मरणाच्या पलीकडचं. याहून सोपं करून मला सांगता येत नाही, आणि कुणी फार सोपं करून सांगू लागलं की मला शंका येते.

ईस्टरच्या उपदेशात पुष्कळदा वसंताचा, नव्या पालवीचा दाखला देतात. मला तो पटत नाही. पालवी दर वर्षी येतेच, त्यात बातमी कसली? मेलेला उठत नाही, हे त्या काळच्या लोकांनाही पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर येशूच्या मागं असलेल्या बायका तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या, प्रेताला लावायला. वाटेत त्यांची चिंता एकच, की कबरेच्या तोंडावरची एवढी मोठी धोंड लोटणार कोण? उठलेला भेटेल म्हणून कुणीच गेलं नव्हतं. परत येऊन त्यांनी सांगितलं, तर प्रेषितांना, म्हणजे येशूच्या खास शिष्यांना, ती वायफळ बडबड वाटली. त्या समाजात बाईच्या साक्षीला फारसं वजनही नव्हतं. कथा रचायचीच होती, तर पहिले साक्षीदार असे कोण निवडेल? हा काही पुरावा नव्हे. उठण्याचा क्षण चारही शुभवर्तमानांत कुणी पाहिलेला नाही. पण माझा विश्वास या ओबडधोबड तपशिलांवर बसतो.

अर्थ विचाराल तर मी आधी पिलाताचं, येशूला शिक्षा देणाऱ्या रोमी सुभेदाराचं, नाव घेते. क्रूस ही रोमी राज्यातली गुलामांची, बंडखोरांची शिक्षा. सुभेदारानं ती एका निरपराध माणसाला दिली, आणि देवानं तो निकाल फिरवला. कोल्हापुरात आता हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, तेव्हा खालचा निकाल वर फिरतो म्हणजे काय, हे इथं समजावून सांगावं लागत नाही. प्रेषित पौलानं तर करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना स्पष्टच लिहिलं, की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. पळवाट त्यानं ठेवलेलीच नाही.

रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, तेव्हापासून ही बातमी इथं मराठीत सांगितली जाते. ईस्टरच्या पहाटे आम्ही दफनभूमीत जातो. आदल्या दिवशी आजीच्या कबरेचा दगड काथ्यानं घासून ठेवलेला असतो. कोरलेल्या अक्षरांत साचलेली माती मात्र काडीनंच काढावी लागते. मग मेणबत्त्या, निशिगंध, गाणी. कुणीतरी म्हणतं, "प्रभू उठला आहे," आणि बाकीचे म्हणतात, "खरोखर उठला आहे." आजी उठेल का? हो, उठेल असंच मानते. आजी म्हणूनच, दुसरी कुणी होऊन नव्हे.

तारीख दर वर्षी का बदलते, हेही विचारता. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा ढोबळ नियम आहे. त्यामुळे पुष्कळदा जोतिबाच्या चैत्र यात्रेची पौर्णिमा आणि आमची एकच निघते. २०२६ मध्ये पौर्णिमा २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२४ ला मात्र होळीच्या पौर्णिमेमागोमाग ३१ मार्चलाच ईस्टर आला होता.

आणि ती रंगीत अंडी? बायबलमध्ये नाहीत. युरोपात पूर्वी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, चाळीस दिवसांत अंडीही वर्ज्य असायची, ती साठायची आणि ईस्टरला खायची. आमच्या घरी लेंटमध्ये मटण बंद असतं. चाळीस दिवसांनंतर कोल्हापुरी माणसाचं अंड्यावर कसं भागायचं? दुपारी तांबडा-पांढरा असतो. या जेवायला.