जी फट नव्हतीच

आज मेघाने एवढंच विचारलं, "ताई, पण तिथे आत शिरायला जागा आहे का?" माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध डीएनएच्या शिडीतल्या दोन पायऱ्यांमध्ये, म्हणजे बेसजोड्यांमध्ये, सरकून बसतं, हे मी एमएस्सीपासून पाठ म्हणत आले. शेजारच्या जोड्यांमध्ये अंतर ३.४ अँगस्ट्रॉम, औषध शिरलं की ते जवळजवळ दुप्पट होतं, पीळ थोडा उलगडतो. आणि मी डॉकिंगला, म्हणजे औषध कुठे बसेल ते संगणकावर बघायला, घेतली १बीएनए, डिकरसन गटाची १९८१ची रचना. नुसतं डीएनए, एकाही औषधाशिवाय. तिच्यात फट कुठून येणार? व्हिना या डॉकिंगच्या प्रोग्रॅममध्ये डीएनए ताठ धरलेलं, ते औषधासाठी उघडणार नाही. मग औषध मायनर ग्रूव्हमध्ये, डीएनएच्या बाहेरच्या अरुंद खोबणीत, जाऊन पडलं, किती घट्ट बसेल याचा स्कोअर छान आला आणि मी चित्र रंगवत बसले.

स्कोअर छान आला, हेच खातंय. वाईट आला असता तर मी थांबले असते. दोन महिने गेले. आईने त्या चित्राच्या पोस्टरचा फोटो स्टेटसला ठेवला होता... जाऊ दे.

दुपारी १डी१२ ही दुसरी रचना उतरवून घेतली. यात डॉक्सोरुबिसिन मुळातच सीजीएटीसीजी या तुकड्यात बसलेलं आहे. ते काढलं आणि परत डॉक केलं. मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत, बरोबर जागी! क्षणभर जीव भांड्यात पडला. पण चिखलातून पाऊल उचलून त्याच ठशात परत ठेवलं, तर ते बसणारच ना. यावरून पद्धत चांगली कशी म्हणू?

नेट्रोप्सिन, खोबणीतच बसणारा रेणू, मात्र १बीएनएवरही एएटीटी या तुकड्याच्या ग्रूव्हमध्ये नीट गेलं. तिथे जागा आधीच असते, फक्त पाणी हटवावं लागतं. तरी शंका राहतेच. नेट्रोप्सिनवर दोन धन प्रभार, डीएनएच्या दोन्ही कडांना फॉस्फेटची ऋण रांग, आणि व्हिनाच्या स्कोअरमध्ये प्रभारांची ओढ धरलेलीच नाही. उत्तर बरोबर आलं, पण कशाच्या जोरावर?

स्कोअर छान होता. परत तेच लिहितेय.

रात्री वहीत तीन रकाने आखले: स्वतःची फट, दुसऱ्या औषधाने पाडलेली फट, फटच नाही. तिन्हीकडे तेच रेणू घालून बघायचे. खरी परीक्षा मधल्या रकान्यात, कारण नवीन औषध घेऊन बसलं की त्याचा स्वतःचा ठसा कुणाकडेच नसतो. हे करायला हवंच होतं, आता करते. हे लिहिल्यावर छातीवरचं ओझं थोडं उतरलं.

पोस्टरवरचं चित्र पुसणार नाही. तिसऱ्या रकान्यात पहिलं तेच लावणार. सरांना उद्या सकाळीच सांगते, चहाच्या आधी.